उन्हाचे पीक : पावगडचा सौर वीज प्रकल्प आणि आपली जमीन



लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही व आमचे शेतकी मदतनीस वर्षभर शिवारातून फिरत असतो. एरवी आम्हांला विचारले जाते ते बेण्याबद्दल, हुमणीबद्दल, नाहीतर "साहेब, आमची तोड कधी?" एवढेच. यंदा मात्र तीन-चार गटांत एक निराळाच प्रश्न कानी आला. "साहेब, सोलरला जमीन भाड्याने द्यावी का? एकरी पन्नास हजार देतो म्हणतात. उसात तरी काय राहतंय?"

एका सभासदांनी तर खिशातून घडी घातलेला कराराचा मसुदा काढून आमच्या हाती दिला. अकरा पाने, सगळी इंग्रजीत. "वाचलात का?" असे विचारले, तर म्हणाले, "वाचणारा पोरगा पुण्याला. मध्यस्थ म्हणतो, रविवारी सही करा आणि इसार घेऊन जा." आम्ही त्यांना इतकेच म्हटले, की एक रविवार जाऊ द्या, दुसरा येतोच. त्यानंतर या विषयावर लिहिणे आमचे कामच झाले.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. उसाचे क्षेत्र टिकवणे आणि वाढवणे यासाठी कारखाना आम्हांला पगार देतो. तेव्हा आम्ही सोलरविरुद्ध बोलू, असे कोणाला वाटले तर त्यात त्यांची चूक नाही. म्हणूनच आमचे मत शेवटी सांगू. आधी ज्या ठिकाणी हा प्रयोग खरोखर मोठ्या प्रमाणावर झाला, तेथे काय घडले ते पाहू. ते ठिकाण म्हणजे कर्नाटकातील पावगड.

पावगड कोठे आहे, कसे आहे

पावगड हा तुमकुरू जिल्ह्यातील तालुका. बेंगळुरूच्या उत्तरेस दीडशे किलोमीटरच्या पलीकडे. नकाशात पाहिले तर तालुका कर्नाटकाचा, पण जवळजवळ चहूबाजूंनी आंध्र प्रदेशाने वेढलेला. पाऊस कमी आणि तोही बेभरवशाचा. मुख्य पीक पावसावरचा भुईमूग. बोअर मारावी तर पाणी खोल, आणि लागले तरी त्यात फ्लोराइड. दुष्काळी म्हणून जाहीर होण्याची या तालुक्याला सवयच झालेली. तरणी माणसे बेंगळुरूला कामाला आणि घरी म्हातारी माणसे, असा तेथील गावांचा रिवाज. आपल्यातील जे सभासद माण, आटपाडी, जत या भागांतील सोयऱ्यांकडे जातात, त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको.

अशा या मुलखात जे भरपूर होते ते ऊन, आणि सपाट पडीक रान. केंद्र सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये मोठ्या सौर उद्यानांची योजना आणली. कर्नाटकाने २०१५ मध्ये त्यासाठी कर्नाटक सोलर पॉवर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन हे महामंडळ काढले. महामंडळाने तिरुमणी, बालसमुद्र, क्यातगनचेर्लू, वळ्ळूर आणि रायचेर्लू या पाच गावांच्या शिवारात सुमारे १३,००० एकर जमीन एकत्र केली. मार्च २०१८ मध्ये पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि २०१९ अखेर प्रकल्प पूर्ण २,०५० मेगावॅटचा झाला. त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या सौर उद्यानांत त्याची गणना होत होती. पुढे राजस्थानातील भडला येथील २,२४५ मेगावॅटचे उद्यान त्याच्याही वर गेले, आणि गुजरातेत कच्छच्या रणाकडे खावडा येथे याहून कितीतरी मोठे काम चालू आहे.

मग आम्ही पावगडच का निवडले? कारण भडला वाळवंटात आणि खावडा रणात, तर पावगड शेतकऱ्यांच्या जमिनीवर आहे. आणि ती जमीन विकत घेतली नाही, भाड्याने घेतली. सुमारे २,३०० शेतकऱ्यांनी ती दिली. जो प्रश्न आज आपल्या गटांत विचारला जातो, तो तेथे दहा वर्षांपूर्वी विचारला गेला आणि त्याचे उत्तर देऊनही झाले.

उसाचे पान आणि सोलरची प्लेट

प्रकल्प कसा चालतो, हे समजायला ऊस उत्पादकाला जड जाऊ नये. कारण आपणही उन्हाचाच धंदा करतो. उसाचे पान ऊन घेते, मुळावाटे पाणी घेते, हवेतला कर्बवायू घेते आणि साखर करते. पिकांमध्ये ऊस या कामात हुशार गणला जातो. तरी पानावर पडणाऱ्या उन्हातला शेकडा एक-दोन हिस्साच काय तो उसात साठतो.

सोलरची प्लेट सिलिकॉन नावाच्या पदार्थाच्या पातळ चकत्यांची बनते. सिलिकॉन वाळूतून काढतात. चकतीवर ऊन पडले, की तिच्यातले सूक्ष्म विद्युतकण हलतात आणि वीज वाहू लागते. फिरणारा भाग नाही, वाफ नाही, धूर नाही. पडणाऱ्या उन्हाचा शेकडा पंधरा ते बावीस हिस्सा प्लेट विजेत बदलते. म्हणजे नुसत्या टक्केवारीत प्लेट उसाच्या दसपट पुढे. पण ऊस आपली कमाई साठवून ठेवतो. आज पडलेले ऊन बारा महिन्यांनी गव्हाणीत येते, आणि त्याचा बगॅस त्यापुढेही ढिगात राहतो. प्लेटला साठवण ठाऊक नाही. आत्ता ऊन, आत्ता वीज. ढग आला की उतारा घसरला, दिवस मावळला की पट्टा बंद. ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आणखी एक गंमत. प्लेटला ऊन हवे, पण उष्णता नको. प्लेट तापली की तिची ताकद कमी होते. प्रत्येक अंश तापमानामागे साधारण शेकडा ०.४ इतकी घट धरतात. म्हणून कडक मे महिन्यापेक्षा स्वच्छ आकाश आणि बेताची हवा असलेले दिवस तिला अधिक मानवतात. पावसाळ्यात उत्पादन पडते. धूळ बसली तरी पडते. त्यामुळे प्लेटा वरचेवर धुवाव्या किंवा पुसाव्या लागतात, आणि दुष्काळी मुलखात ते पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न असतोच. आता कोरड्या ब्रशाने पुसणारी यंत्रेही आली आहेत.

शिवारापासून तारेपर्यंत

एका प्लेटीची वीज थोडी असते. पावगडचे काम चालू होते त्या काळातल्या प्लेटा साधारण सव्वातीनशे वॅटच्या. म्हणजे एका मेगावॅटला तीन हजारांहून अधिक प्लेटा लागत. त्या दक्षिणेकडे तोंड करून, थोड्या तिरक्या, लोखंडी सांगाड्यांवर ओळीने बसवतात. एका ओळीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून मध्ये अंतर सोडतात, आपण सरीत सोडतो तसेच. तेरा हजार एकरांत २,०५० मेगावॅट, म्हणजे मेगावॅटला सहा एकरांहून थोडी जास्त जागा पडली.

प्लेटेतून निघणारी वीज बॅटरीच्या विजेसारखी एकाच दिशेने वाहणारी असते. आपली मोटर तिच्यावर चालत नाही. म्हणून ती इन्व्हर्टरमधून नेऊन नेहमीच्या विजेत बदलतात, ट्रान्सफॉर्मरने दाब चढवतात, जवळच्या २२० केव्हीच्या उपकेंद्रात गोळा करतात आणि तेथून पॉवर ग्रिडच्या ४०० केव्हीच्या उपकेंद्रावाटे देशाच्या जाळ्यात सोडतात. आपल्या ओळखीची उपमा द्यायची तर प्लेटा म्हणजे सभासदांची राने, इन्व्हर्टर म्हणजे गाडीतळ आणि मोठे उपकेंद्र म्हणजे गव्हाण.

'उद्यान' या व्यवस्थेचा फायदा असा, की जमीन, रस्ते, उपकेंद्रे आणि तारा ही सगळी उठाठेव महामंडळ एकदाच करते. कंपन्या लिलावात युनिटचा दर बोलतात, जी कमी बोलेल तिला तुकडा मिळतो, आणि ती फक्त प्लेटा बसवून वीज देते. धोका कमी झाला, की दरही उतरतो. पावगडला २०१६ च्या लिलावात फोर्टम या फिनलंडच्या कंपनीने १०० मेगावॅटसाठी युनिटला ४ रुपये ७९ पैसे दर बोलला होता. मे २०१७ मध्ये भडल्याच्या लिलावात २ रुपये ४४ पैशांची बोली आली. प्लेटा स्वस्त झाल्या हे त्याचे मुख्य कारण.

देशाच्या विजेत याचा वाटा

ढोबळ हिशोब मांडू. एक मेगावॅट सौर प्रकल्प चांगल्या उन्हाच्या जागी वर्षाला सुमारे साडेसतरा लाख युनिट देतो, असे धरू. २,०५० मेगावॅटचे झाले साडेतीनशे कोटी युनिटच्या वर. इतकीच वीज कोळशावर करायची तर युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. म्हणजे वर्षाला बावीस-तेवीस लाख टन कोळसा वाचला. हंगामात दहा लाख टन गाळणाऱ्या दोन कारखान्यांचा सगळा ऊस एकत्र केला, तर जो ढीग होईल, त्याहूनही हा मोठा. शिवाय औष्णिक केंद्राला युनिटमागे तीन लिटरच्या आसपास पाणी लागते, तेही वाचले. दुष्काळी मुलखाला ही बाब लहान नाही.

देशाने जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले, तेव्हा २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट होते. २०१५ मध्ये ते एक लाखावर नेले. ठरल्या वेळी तेथे पोचता आले नाही, पण जानेवारी २०२५ मध्ये देशाने एक लाख मेगावॅट सौर क्षमतेचा टप्पा ओलांडला. त्यात पावगडसारख्या उद्यानांचा वाटा मोठा आहे. तरीही हुरळून जाऊ नये. प्लेटा रात्री काम करीत नाहीत, म्हणून क्षमता मोठी दिसली तरी प्रत्यक्ष युनिट त्या मानाने कमी पडतात. आजही देशातील निम्म्याहून अधिक वीज कोळशातूनच येते.

दिवस मावळल्यावर काय?

वर ध्यानात ठेवा म्हटले होते, ते हेच. विजेची मागणी संध्याकाळी चढते. घरोघर दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात, आणि नेमका त्याच वेळी सूर्य जातो. मग त्या तासांना वीज कोठून आणायची? कर्नाटकाला शरावतीसारख्या जलविद्युत केंद्रांचा आधार आहे. दिवसा सौर वीज वापरायची, धरणाचे पाणी राखायचे आणि संध्याकाळी ते सोडून जनित्रे फिरवायची. आपल्याकडे कोयनेचा असाच उपयोग होतो. घाटघरला तर पाणी खालच्या धरणातून वरच्या धरणात चढवून हवे तेव्हा सोडण्याची सोय २००८ पासून आहे. मोठ्या बॅटऱ्याही आता बसू लागल्या आहेत.

येथेच सहकारी साखर कारखान्यांचा संबंध येतो. अनेक कारखान्यांत बगॅसवर सहवीज प्रकल्प चालतात. उच्च दाबाचा बॉयलर असेल तर टन उसामागे शंभर युनिटच्या आसपास वीज होते. ती हंगामात रात्रंदिवस मिळते, ढगांवर अवलंबून नसते. म्हणजे बगॅसची वीज ही सौर विजेची भावंड आहे, वैरीण नाही. परंतु बाजाराची रीत निराळी. सौर वीज स्वस्त झाल्यापासून बगॅसच्या विजेला दर मिळवणे कठीण झाले आहे, हेही सभासदांना माहीत असावे. रात्री मिळणाऱ्या विजेची किंमत दिवसाच्या विजेहून वेगळी धरली पाहिजे, ही मागणी कारखान्यांनी लावून धरली तर ती वाजवीच आहे.

पावगडच्या भाड्याचा हिशोब

आता मुद्द्याचे. पावगडला शेतकऱ्याला एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडे ठरले. दर दोन वर्षांनी त्यात शेकडा ५ वाढ. मुदत २८ वर्षे. मालकी शेतकऱ्याची राहिली.

ज्या रानात भुईमूग तीन वर्षांतून एकदा धड पिकत होता, तेथे बसल्या जागी एकरी एकवीस हजार ही लहान रक्कम नव्हती. दहा एकरवाल्याला वर्षाला दोन लाख दहा हजार रुपये मिळू लागले, पाऊस पडो न पडो. कोणी कर्ज फेडले, कोणी घर बांधले, कोणी मुलांना शिकवले. जमीन विकावी लागली नाही, हे सर्वांत मोठे. हा फायदा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

पण वाढीचे कलम पाहा. दोन वर्षांनी पाच टक्के म्हणजे सालाला अडीच टक्केच. दहा वर्षांनी, पाच वाढी होऊन, २१,००० चे होतात सुमारे २६,८००. आता दहा वर्षांपूर्वी भांगलणीची मजुरी काय होती आणि आज काय आहे, खताचे पोते काय होते आणि आज काय आहे, हे आठवून पाहावे. भाड्याचा आकडा वाढतो, पण भाड्यात येणारा बाजार कमी होत जातो. सही करताना जो पैसा भरपूर वाटतो, तो पंधराव्या वर्षी पुरेलच असे नाही, आणि करार तर अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत बांधलेला.

ज्यांच्या नावावर उतारा नाही

पावगडची दुसरी बाजू आम्हांला जास्त विचारात पाडते. भाडे मिळाले ते ज्याच्या नावावर जमीन त्याला. जितकी जमीन जास्त, तितके भाडे जास्त. पण त्या तेरा हजार एकरांवर जगणारे आणखी लोक होते. भुईमूग काढायला जाणारे मजूर होते. त्यांची शेतातली कामे गेली. मेंढरे-शेळ्या राखणारे होते. त्यांची चराई कुंपणाआड गेली, आणि अनेकांनी कळप विकले. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली, पण कागदावर नाव नसलेली माणसे होती. त्यांना भाडे कोण देणार? प्रकल्प उभा राहत होता तोवर काम भरपूर मिळाले. उभा राहिल्यावर उरली ती गवत काढणे, प्लेटा धुणे आणि राखण करणे, आणि तीही थोड्यांना. तेथे जाऊन आलेल्या वार्ताहरांनी व अभ्यासकांनी हे वेळोवेळी नोंदवले आहे.

आपल्या गावात हे कसे दिसेल? लागणीला, भांगलणीला, बेणे तोडायला येणाऱ्या बायका कोणाच्या रानात जातील? वाढ्यांवर ज्यांच्या म्हशी पोसतात, त्यांनी हंगामात चारा कोठून आणायचा? एकट्या सभासदाच्या हिशोबात हे धरले जात नाही. पण गावाच्या हिशोबात धरावे लागते. सहकाराचा अर्थच मुळी असा, की आपल्या बांधापलीकडेही पाहायचे.

आपल्याकडे काय चालले आहे

महाराष्ट्रात मोठी उद्याने कमी. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून आहे. आपल्या सभासदांना जे विचारले जात आहे ते बहुधा 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने'खाली. ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचे दुसरे पर्व आले. तिची पद्धत पावगडहून वेगळी. उपकेंद्राजवळ काही मेगावॅटचे लहान प्रकल्प उभारायचे, आणि त्यांची वीज त्याच भागातील शेतीपंपांच्या फीडरला दिवसा द्यायची. दुसऱ्या पर्वातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावी २०२४ मध्ये ३ मेगावॅटचा चालू झाला. जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार रुपये भाडे आणि दरसाल ३ टक्के वाढ, असे योजनेत ठरले आहे.

यात आपल्याला दुहेरी रस आहे. एक तर भाडे. आणि दुसरे, दिवसाची लाईट. रात्री बारानंतर लाईट येते म्हणून बॅटरी हातात घेऊन उसात दारे धरायला जाणे काय असते, हे ज्याने केले त्यालाच कळते. पायाखाली साप, उसात बिबट्या, आणि घरी जागी असलेली माणसे. आम्ही स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, आमच्या वडिलांनी उभा जन्म रात्रीची पाणी पाजली. दिवसाची लाईट मिळावी म्हणून गावची पडीक जमीन सोलरला जात असेल, तर आम्ही तिचे स्वागतच करू. फक्त एक विनंती. लाईट दिवसा आली म्हणून पाणी जास्त देऊ नये. विहिरीतले पाणी सोलरने वाढत नाही. उलट दिवसा उभे राहून, वाफसा पाहून, बेताने पाणी देता येईल. ठिबक असेल तर उत्तमच.

मग ऊस की सोलर?

ज्याने त्याने आपल्या रानाचा हिशोब करावा. समजा, एकरी ४० टन ऊस झाला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,७०० रुपये हाती आले. एक लाख आठ हजार झाले. मशागत, बेणे, खत, पाणी, मजुरी मिळून साठ हजार गेले असे धरले, तर उरले अठ्ठेचाळीस हजार, आणि तेही बारा ते चौदा महिन्यांनी. समोर पन्नास हजार भाडे, हात न हलवता. आकडा लपवून काय उपयोग? चाळीस टनांवर ऊस सोलरपुढे फिका पडतो. तीस टनांवर तर आणखीच फिका. पण साठ टन काढणाऱ्याच्या हिशोबात खर्च थोडाच वाढतो आणि ऊस स्पष्ट पुढे जातो. त्यात खोडव्याला बेणे-मशागतीचा खर्च वाचतो.

म्हणजे सोलरने आमच्याच खात्याला आरसा दाखवला आहे. सभासदाचा उतारा चाळीस टनांवर अडकला असेल, तर त्याला दोष देण्याआधी माती परीक्षण, निरोगी बेणे, पाचट न जाळणे, या गोष्टी त्याच्या बांधापर्यंत नेण्यात आम्ही कोठे कमी पडलो, ते पाहिले पाहिजे.

आमचे मत असे. खडकाळ, मुरमाड, पाणी नसलेले पडीक रान उपकेंद्राजवळ असेल, तर सोलरला जरूर द्यावे. उन्हाचे पीक तेथेच शोभते. पावगडनेही तेच केले. परंतु विहीर, पाइपलाइन, काळी माती असलेले रान पंचवीस-तीस वर्षांसाठी लोखंडाखाली घालू नये. अशी जमीन एकदा गेली, की नातवाच्या हाती परत येते.

सही करण्यापूर्वी

१. करार मराठीत मागावा. नाही दिला तर जाणत्या वकिलाकडून वाचून घ्यावा. फी जाईल, जमीन राहील.

२. भाडेपट्टा नोंदणीकृत असावा. त्याबरोबर खरेदीखत किंवा कुलमुखत्यारपत्र कोणी पुढे केले, तर सही करू नये.

३. सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची संमती घ्यावी. बहिणींचा हक्क विसरू नये. नंतरच्या भांडणात भाडे कोर्टात अडकते.

४. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर आधी तेथे विचारावे.

५. वाढ किती टक्के, ती मूळ रकमेवर की चढत्या रकमेवर, आणि भाडे थकले तर काय, हे आकड्यात लिहून घ्यावे.

६. मुदत संपल्यावर, किंवा कंपनी मध्येच गेल्यास, प्लेटा, सांगाडे आणि पाया काढून रान पूर्ववत कोण करणार, हे कलम असलेच पाहिजे. पत्रा नेतील, काँक्रीट आपल्याला ठेवतील, असे होऊ नये.

७. ओढा, पाटचारी आणि शेजाऱ्याची वहिवाट अडणार नाही, हे पाहावे.

८. सगळीच जमीन दिली तर ऊस येणार नाही. क्रियाशील सभासद राहण्यासाठी ऊस घालण्याची अट उपविधीत आहे. आपल्या भागावर, मतावर व साखरेवर याचा काय परिणाम होईल, ते आधी शेअर्स विभागात विचारून घ्यावे.

वर ज्या सभासदांचा उल्लेख केला, त्यांनी दोन रविवार थांबून मुलाला बोलावले. करारात वाढीचे कलमच नव्हते. मसुदा त्यांनी परत पाठवला. माळावरचे तीन एकर आता वाढीच्या आणि रान मोकळे करून देण्याच्या कलमासह द्यायचे, आणि विहिरीखालचे दोन एकर उसाला ठेवायचे, असे बापलेकांनी ठरवले आहे. यंदा त्या दोन एकरांत आमच्या देखरेखीखाली त्रिस्तरीय बेण्याची लागण आहे. टनेज किती पडते, ते हंगामानंतर याच अंकातून कळवू.

अशा कराराचे कागद कोणाकडे आले असतील, तर सहीपूर्वी गट ऑफिसात घेऊन यावेत. आम्ही वकील नाही, पण शेजारी बसून वाचू.

— ऊस विकास अधिकारी